उन्हात बंद पडणारा फोन

आमच्या घरी फोन आला तो मी आणला. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे त्या फोनने जे काही दिवे लावले त्याचं खापरही माझ्याच डोक्यावर फुटलं. गोळीबार चौकाच्या मागच्या आमच्या गल्लीत तेव्हा हातमाग होते, शेळ्या होत्या, एक पिठाची गिरणी होती, पण फोन कोणाच्या घरी नव्हता. मी एका सरकारी कचेरीत टायपिस्ट होते. अर्ज केला, चकरा मारल्या, साहेबांना शब्द टाकायला लावलं. ऐंशी साल उलटून गेल्यावर, मी आशा सोडायच्या बेतात असताना, गल्लीच्या तोंडाशी उभ्या असलेल्या खांबावरून एक काळी तार आमच्या घरात आली.

फोन हवा होता तो आईसाठी. माझा मोठा भाऊ मस्कतला फिटर म्हणून गेला होता. तो मागावर वाढलेला. चालायला लागला तेव्हापासून बाबांच्या मागाखाली खेळला आणि मिसरूड फुटायच्या आधी लुगडं विणायला लागला. बाबांचं म्हणणं होतं, मागावर बसला असता तर काही उपाशी मेला नसता. त्याचं म्हणणं होतं, मेलो नसतो, पण जगलोही नसतो. दोघंही एकाच मातीचे, त्यामुळे माघार कोण घेणार? तो निघाला त्या दिवशी बाबा मागावरून उठले नाहीत. रिक्षा गल्लीच्या बाहेर पडेपर्यंत आतून धोट्याची खटखट चालू होती. त्यानंतर दोघं एकमेकांशी एक शब्दही बोलले नव्हते.

त्याची पत्रं यायची. आईला अक्षरओळख नव्हती, म्हणून मी वाचून दाखवायची. मला वाटायचं, मी फार छान वाचते. एकदा पत्र संपल्यावर आई म्हणाली, "तू वाचतं तं तुयाच आवाज येते वं. मले त्याचा आयकाचा हाय." एवढंच. तक्रार अशी तिने कधी कशाची केली नव्हती. तो फोनचा अर्ज मी दुसऱ्या दिवशी कचेरीत टाइप केला.

फोन आल्याआल्या मी भावाला नंबर कळवला. त्याचं उत्तर आलं की तिकडे शुक्रवारी सुट्टी असते, सकाळी तो रांगेत उभा राहून कॉल लावेल, आपल्याकडे तेव्हा ऑफिसला निघायच्या आधीची वेळ असेल. पहिल्या शुक्रवारी आई न्हाऊन, नवं लुगडं नेसून फोनसमोर बसली. मी सहज रिसीव्हर उचलून कानाला लावला तर आत काहीच नव्हतं, नेहमीची ती घूं घूंसुद्धा नाही. फोन मेला होता.

कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातल्या फोनवरून मी तक्रार नोंदवली. लाइनमन दुपारी येऊन गेला. मी संध्याकाळी घरी आले तेव्हा आई म्हणाली, तो आला, त्याने उचलून पाहिला, चालू होता, पाणी पिऊन गेला. पुढच्या शुक्रवारी पुन्हा तेच झालं, आणि मधल्या दिवसांतही अधूनमधून. सकाळी मेलेला फोन दुपारी आपोआप जिवंत व्हायचा, आणि लाइनमन नेमका दुपारीच यायचा. एकदा मी रजा टाकून त्याला गाठलं. त्याने माझ्यासमोर दोन नंबर फिरवून दाखवले आणि म्हणाला, "मॅडम, चालू तं हाय. खालीपिली काहून कंप्लेंट करून राहिल्या?" त्याचं तरी काय चुकलं? चालू फोन दुरुस्त कसा करणार तो? पण माझ्या अंगाचा तिळपापड झाला. त्या दिवशी मी ठरवलं की हा फोन का मरतो ते शोधून काढल्याशिवाय मी काही गप्प बसणार नाही.

मग मी त्या फोनच्या खनपटीलाच बसले. आमच्याकडे मागाचे पेच आवळायचा पेचकस होता, तो घेऊन भिंतीवरची डबी उघडली. आत झुरळांचा संसार होता. तो उठवला, तारा पुसल्या, पेच घट्ट केले, डबी बंद केली. दोन दिवस फोन चालला आणि तिसऱ्या सकाळी गेला. आईने फोनला विणलेला झगा घातला होता, तो काढून टाकला. शेजारणीने सुचवलं म्हणून आईने फोन देवळीजवळ हलवला, तेही करून झालं. कचेरीत ज्याने त्याने सल्ला दिला, आणि सगळ्यांचं एकमत होतं की तारेत पाणी शिरत असणार, फोन पावसात बिघडतात. तक्रारी घेणारी फोनवरची बाई आता माझा आवाज ओळखायला लागली होती. मी नंबर सांगायच्या आधीच ती तो म्हणायची, आणि तिच्या सुरात जे काही असायचं ते मी गिळून टाकत असे.

मधे भावाचं पत्र आलं. त्यात लिहिलं होतं की प्रत्येक शुक्रवारी तो रांगेत उभा राहतो आणि ऑपरेटर म्हणते, लाइन बंद. पुढे एक ओळ होती. ती मी वाचता वाचता गाळायचा विचार केला, पण आईचं लक्ष माझ्या तोंडाकडे होतं, तिला गाळलेलं लगेच कळलं असतं. त्याने विचारलं होतं, बाबांनी फोन काढून तर नाही टाकला? शेवटी लिहिलं होतं की ईद झाली की कंपनी त्याला आतल्या भागात, वाळवंटातल्या तळावर पाठवणार आहे, तिथे फोन नाही, आणि तिथून परत केव्हा येणं होईल ते सांगता येत नाही.

ईद जवळ आली होती.  आईने पत्र माझ्या हातून घेतलं, घडी घातली आणि उशीखाली ठेवलं. मला मात्र त्या ओळीचा राग आला, भावाचा आला, बाबांचा आला आणि सगळ्यात जास्त त्या काळ्या डबड्याचा आला. आता गाठ माझ्याशी होती.

त्याच सुमारास आभाळ भरून आलं आणि आठवडाभर तसंच राहिलं. पाऊस असा नाही, नुसती रिपरिप आणि कोंदट हवा. सगळ्या शहराचे फोन बंद पडले असतील, पण आमचा मात्र ठणठणीत. सकाळी उचला, दुपारी उचला, घूं घूं चालूच. मग ऊन पडलं, आणि पहिल्याच लख्ख सकाळी फोन गेला. मी रिसीव्हर हातात धरून उभी राहिले. जगाचे फोन पावसात मरतात, आमचा उन्हात मरतो. मग उन्हाच्या सकाळी आमच्या गल्लीत असं काय होतं, जे ढगाळ सकाळी होत नाही?

उत्तर माझ्या दारासमोर ताणलेलं होतं. मी त्याखालून वाकून रोज ऑफिसला जात होते.

ज्यांनी हातमाग पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. मागावर चढवायच्या आधी उभ्या सुताला, म्हणजे ताण्याला, खळ द्यावी लागते, नाहीतर विणताना धागे तुटतात. याला आमच्याकडे पांजण म्हणत. त्यासाठी ताणा अख्ख्या गल्लीभर लांब पसरायचा, मधे बांबूच्या घोड्यांवर टेकवायचा, दोन्ही टोकांना दोर बांधून ओढून ताठ करायचा. मग तांदळाची खळ लावून दोन्ही बाजूंनी दोघांनी मोठमोठे कुंचे फिरवत चालायचं, सूत वाळेपर्यंत. कोवळं ऊन लागतं, म्हणून हे काम सकाळचं, आणि ढग असले की बंद. गल्लीत माग कमी कमी होत गेले होते, पण आमचा होता आणि शेजारच्या काकांचा होता, आणि एकाच्या पांजणीला दुसऱ्याने हात लावायचा ही रीत होती. सूत गुरुवारी यायचं, म्हणून शुक्रवारची सकाळ बहुधा पांजणीची असायची. पूर्वी दोर बांधायला जमिनीत लाकडी खुंटे होते. मग नाली खोदली, गल्लीत फरशी बसवली, खुंटे गेले. तेव्हापासून एक टोक आमच्या दारापुढच्या कडुनिंबाला आणि दुसरं गल्लीच्या तोंडच्या खांबाला. खांब लोखंडी, मजबूत, कोणाच्या मालकीचा नाही. यात कोणाला काही वावगं वाटलं नाही, मलाही नाही. माझ्या जन्मापासून मी गल्लीत ताणे पाहत आले होते, त्यांच्याकडे बघायचं काय?

त्या सकाळी पाहिलं. नाली खोदल्यापासून खांबाचा पाया सैल झाला असावा. ताण्याच्या ओढीने तो गल्लीच्या आत झुकला होता. फार नाही, पण आमच्या घराकडची तार खाली लोंबत होती आणि रस्त्याकडची ताठ झाली होती. वर जिथे दोन्ही तारा जोडल्या होत्या तिथला जोड त्या ओढीने सुटत असणार. दुपारी ताणा गुंडाळला की खांब परत जागेवर यायचा, जोड टेकायचा, आणि पाणी प्यायला लाइनमन यायचा.

कळलं खरं, पण बाबांना सांगायचं कसं? माझे बाबा मितभाषी, आणि जे थोडं बोलायचे ते बहुतेक सुताशी. नुसतं सांगून त्यांनी मानलं नसतं, म्हणून मी पुरावाच मांडला. काकांच्या ताण्याला खळ लावायच्या आधी, कोरा असतानाच, आईला आत रिसीव्हर कानाला लावून बसवलं आणि मोठ्याने सांगायला सांगितलं. बाबांनी खांबाकडचा दोर ओढला. आतून आई म्हणाली, गेला. बाबांनी दोर सैल केला. आई म्हणाली, आला. बाबांनी पुन्हा ओढला, पुन्हा सोडला. आईला काय चाललंय ते ठाऊक होतं, तरी दर वेळी "गेला" म्हणताना तिचा आवाज बारीक व्हायचा.

बाबांनी दोरावरून खांबाच्या टोकापर्यंत पाहिलं. मग म्हणाले, "मी काय त्याचा फोन तोडून राहिलो काय?"

मी म्हटलं, असं कोणी म्हणत नाही.

"तो तं म्हणते," बाबा म्हणाले आणि काकांच्या ताण्याकडे वळले. मी पत्रं वाचायची तेव्हा बाबा नेहमी आतल्या खोलीत मागावर असायचे. ते ऐकतात हे मला त्या दिवशी समजलं, आणि मला त्यांची फार दया आली. त्यांना ते दिसू नये म्हणून मी लगेच भांडायच्या सुरात म्हटलं, मग शुक्रवारी ताणा लावायचा नाही. त्यांनी मान डोलावली. काकांनीही डोलावली.

आता खांब. मी टेलिफोन ऑफिसात गेले आणि सांगितलं की बिघाड सापडला आहे. ऐकून घेणाऱ्याने माझ्याकडे जरा वेगळ्या नजरेने पाहिलं. मी कागदावर चित्र काढून दाखवलं, खांब, निंब, ताणा, तार. तो म्हणाला, खांबाचं काम वेगळ्या माणसाकडे. वेगळा माणूस दौऱ्यावर होता. मी दुसऱ्या दिवशी गेले, तिसऱ्या दिवशी डबा घेऊन गेले आणि त्याच्या दारासमोरच्या बाकावर बसूनच जेवले. शेवटी माझा पिच्छा सुटावा म्हणून असेल, त्याने लाइनमनला शिडी देऊन पाठवलं. लाइनमनने वर चढून जोडाला पट्टी गुंडाळली आणि खाली उतरल्यावर म्हणाला की हे तात्पुरतं आहे, खांबाच्या पायथ्याला सिमेंट भरावं लागेल. केव्हा, विचारलं तर ईद झाल्यावर. मला हसावं की रडावं ते कळेना.

ईदेच्या आधीचा शेवटचा शुक्रवार आला. ऊन असं की पांजणीला याहून चांगलं मिळायचं नाही, पण गल्ली मोकळी होती. बाबा कोरा ताणा गुंडाळून ओट्यावर बसले होते. फोन जिवंत होता. आई समोर, मी शेजारी. माझी ऑफिसला निघायची वेळ टळली, तरी मी उठले नाही. फोन वाजला नाही. त्या दिवशी तिकडूनच लाइन मिळाली नव्हती, हे आम्हाला मागाहून कळलं. त्या वेळी एवढंच वाटलं की तो आता कंटाळला. आईने हात जोडून फोनला नमस्कार केला आणि भाकऱ्या थापायला गेली. त्या दिवशी पहिल्यांदा मीही जवळजवळ हात टेकले.

मग ईदेची सुट्टी आली. वार शुक्रवार नव्हता, त्यामुळे कोणाच्या मनात काही नव्हतं. व्यापाऱ्याला लुगडी द्यायची होती, खोळंबलेला ताणा बाबांनी सकाळीच लावला. गांधीबागेतून आणलेलं सूत, आईने कांड्यांवर भरलेलं, बाबांनी रात्री जागून ताण्याला लावलेलं. खळ देऊन झाली होती. बाबा एका बाजूने आणि काका दुसऱ्या बाजूने कुंचे फिरवत होते, ताणा अजून ओलाच होता. तिकडे ईद आदल्याच दिवशी झाली होती आणि भावाला जोडून सुट्टी होती, हे आमच्यापैकी कोणाच्या लक्षात आलं नाही.

फोन वाजला. गुंडाळलेल्या पट्टीने जोड कसाबसा धरून ठेवला असावा. मी उचलला तर ऑपरेटर म्हणाली, मस्कत, बोलिये. मग खरखरीतून भाऊ म्हणाला, "आई कुठं हाय?" आई खळीचं भांडं तसंच ठेवून धावत आली, तिने दोन्ही हातांनी रिसीव्हर धरला आणि म्हणाली, "बाळा." मग ती तशीच थांबली. थोड्या वेळाने तिने माझ्याकडे पाहिलं.

"गेला," ती म्हणाली.

मी बाहेर धावले. तुटलेला कॉल ऑपरेटर एकदा परत लावून बघते, नाही लागला तर रांगेतल्या पुढच्याला देते, हे मला तक्रारी करून करून पाठ झालं होतं. बाबा ताण्याच्या मधोमध होते. मी सांगितलं, त्याचा फोन होता, तुटला. पुढचं मला बोलवेना. ओला ताणा वाळेपर्यंत क्षणभरही सैल सोडायचा नसतो, धागे एकमेकांना चिकटतात आणि मग ते सोडवणं माणसाच्या हातचं नसतं. हे आमच्या घरातल्या तान्ह्या पोरालाही माहीत असतं. बापाला ताणा सोडायला सांगायची माझी छाती झाली नाही. काका म्हणाले, थोडं थांबा, वाळत आलाच आहे.

बाबांनी कुंचा काकांच्या हातात दिला. ते खांबाकडे चालत गेले, धावले नाहीत. गाठ भिजून आवळली होती, ती त्यांनी नखांनी उकलली. दोर सुटला. ताणा घोड्यांवर झोपला, मधे मधे फरशीवर टेकला, आणि बघता बघता त्या सगळ्या सुट्या सुताचा एकच चिकट गोळा झाला. खांब किंचित सरळ झाला. 

आत फोन वाजला.

आईने विचारलं, काय खातोस, भाकरी कोण करतं, तिकडे विहिरीचं पाणी मिळतं का. मग तिचे प्रश्न संपले आणि ती नुसती ऐकत राहिली. रिसीव्हर कानाशी इतका घट्ट धरला होता की तिची बोटं पांढरी पडली होती. ती रडली नाही. तिचा चेहरा मी पूर्वी कधी तसा पाहिला नव्हता आणि पुढेही पाहिला नाही. थोड्या वेळाने तिने मान वर केली. बाबा दारात उभे होते. तिने काही न विचारता रिसीव्हर त्यांच्याकडे धरला.

बाबांनी खळीचे हात धोतराला पुसले. त्यांनी कधी फोन धरला नव्हता, त्यामुळे तो त्यांनी कानापासून जरा लांबच धरला, आणि पलीकडचा आवाज आम्हाला सगळ्यांना ऐकू आला. आधी नुसती खरखर आली. मग भाऊ अडखळत म्हणाला, "बाबा, सकाळचा टाइम हाय, ऊन असन तिकडे. तुमी कामात तं नाही होते?"

बाबांनी दारातून बाहेर पाहिलं. काका फरशीवर उकिडवे बसून बोटांनी धागे सोडवायचा प्रयत्न करत होते.

"नाही गा," बाबा म्हणाले. "रिकामाच बसून होतो."